घरात आत्महत्या झालेल्या असतील, तर तो धोका मुलांपर्यंत येतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सासरे आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, दोघांचाही मृत्यू आत्महत्येने झाला. नवऱ्याला काही वर्षांपासून मधूनमधून नैराश्य येतं, गोळ्या कधी चालू कधी बंद. मुलगी १५ वर्षांची आहे. हे तिच्यापर्यंत येईल का, त्यासाठी जनुकीय चाचणी करून घ्यावी का, आणि तिला हे सगळं सांगावं का?

आधी थेट उत्तर. धोक्याचा काही भाग आनुवंशिक असतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. पण वारशाने आत्महत्या येत नाही. येते ती काही मानसिक आजारांची आणि स्वभावातल्या काही कलांची शक्यता, आणि तीही शेकडो जनुकांत विखुरलेली, प्रत्येकातून चिमूटभर. चाचणी करू नका, तिच्यातून निर्णय घेण्याजोगं काहीही हाती लागत नाही. तुमच्या घरात आज हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नवऱ्याचा उपचार. प्रश्नातले ‘गोळ्या कधी चालू कधी बंद’ हे शब्द आधीच्या दोन मृत्यूंपेक्षा जास्त काळजीचे आहेत. मुलीला जरूर सांगा. कसं, ते शेवटी लिहिलं आहे.

आनुवंशिकता आहे हे कळलं कसं? मुख्यतः जुळ्यांवरून आणि दत्तक मुलांवरून. एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी असतात. वेगळ्या बीजांपासून झालेली जुळी मात्र साध्या भावंडांइतकीच एकमेकांसारखी असतात. १९९१ साली अ‍ॅलेक रॉय आणि सहकाऱ्यांनी अशा १७६ जोड्यांचा अभ्यास मांडला, ज्यांत निदान एकाचा मृत्यू आत्महत्येने झाला होता. हुबेहूब जुळ्यांच्या ६२ जोड्यांपैकी ७ जोड्यांत दुसऱ्याचाही मृत्यू तसाच झाला होता. वेगळ्या बीजांच्या ११४ जोड्यांत हे फक्त २ जोड्यांत दिसलं. टक्केवारीत सांगायचं तर ११.३ विरुद्ध १.८.

हे आकडे बहुतेक ठिकाणी ‘बघा, जनुकांचा किती प्रभाव’ एवढ्यासाठी दिले जातात. त्यांची दुसरी बाजू वाचा. ६२ पैकी ५५ जोड्यांत जनुकं तीच, आई तीच, गर्भ तोच, बहुतेकांचं बालपणही एकाच घरात गेलेलं. तरीही दुसऱ्याचा मृत्यू आत्महत्येने झालेला नव्हता. सख्ख्या जुळ्याच्या बाबतीत हे असं, तर आजोबा आणि नात यांच्यात सरासरी पाव हिस्साच सामाईक असतो. चुलत आजोबांशी त्याहूनही निम्मा.

‘एकाच घरात वाढले म्हणून असेल’ ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर दत्तक मुलांच्या अभ्यासातून मिळतं. १९७९ साली शुल्सिंगर, केटी आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या नोंदींतून अशा ५७ व्यक्ती घेतल्या, ज्या लहानपणी दत्तक गेल्या होत्या आणि पुढे ज्यांचा मृत्यू आत्महत्येने झाला. तुलनेला तशाच ५७ दत्तक व्यक्ती घेतल्या, ज्यांच्या बाबतीत असं काही घडलेलं नव्हतं. पहिल्या गटाच्या २६९ रक्ताच्या नातेवाइकांपैकी १२ जणांचा मृत्यू आत्महत्येने झाला होता, दुसऱ्या गटाच्या २६९ पैकी २ जणांचा. ज्यांनी वाढवलं त्या दत्तक घरांत एकही नाही. संख्या लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे: न पाहिलेल्या नातेवाइकांकडूनही काहीतरी येतं.

अशा सगळ्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा हिस्सा साधारण ३० ते ५० टक्के निघतो. या आकड्याचा अर्थ ‘माझ्या मुलीला ३० ते ५० टक्के धोका’ असा लावून लोक रात्र रात्र जागतात, म्हणून इथे जरा थांबू. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत प्रवणतेचा, म्हणजे तिकडे झुकण्याच्या शक्यतेचा, जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमधल्या फरकाने समजावता येतो, एवढंच हा आकडा सांगतो. एका व्यक्तीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. परिस्थिती बदलली की तोही बदलतो.

व्यक्तीपुरता हिशेब वेगळा करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ७,२७,००० मृत्यू आत्महत्येने झाले. वयाचा फरक समान करून पाहिलं तर वर्षाला लाखामागे साधारण ९. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाचा असा मृत्यू झालेला असेल तर धोका दुप्पट ते तिप्पट होतो, असं बहुतेक कुटुंब-अभ्यास सांगतात. तिप्पट हा शब्द ऐकायला भयंकर वाटतो. लाखामागे २७ म्हणजे त्या वर्षी ९९,९७३ जणांच्या बाबतीत ते घडत नाही. देश, वय आणि लिंगानुसार मूळ आकडा बराच कमीजास्त होतो, आणि वर्षांमागून वर्षं धरली तर बेरीज वाढते. शिवाय तुमच्या घरासारखे एकाहून अधिक मृत्यू असतील, तर वजन जास्त पडतं. तरीही ‘तिप्पट’ ऐकलं की लगेच ‘कशाच्या तिप्पट?’ हे विचारायची सवय लावून घ्या.

आता, वारशाने नेमकं येतं काय? दोन थर वेगळे करून पाहिले की चित्र सुटं होतं. पहिला थर आजारांचा: नैराश्य, बायपोलर (नैराश्य आणि अतिउत्साह यांचे झटके येणारा आजार), स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रमांचा आजार), दारूचं व्यसन. यांत आनुवंशिकता मोठी आहे, आणि आत्महत्येचा धोका बऱ्याच अंशी या आजारांच्या पाठीवर बसून येतो. दुसरा थर आजारापासून बराचसा स्वतंत्र आहे. तेच नैराश्य, तेवढंच तीव्र, दोन माणसांना होतं. एकाच्या मनात मरणाचा विचार येऊन जातो आणि दुसरा त्यावर कृती करतो. हा फरक घडवणाऱ्या गोष्टींत आवेग, चटकन भडकणं, ताणाखाली चुकीचा पर्याय निवडणं आणि निराशेत पर्यायच न दिसणं यांचा समावेश होतो. न्यूयॉर्कच्या जॉन मान यांच्या गटाने १९९९ मध्ये हीच मांडणी केली: प्रवणता आधीपासून असते, आजार किंवा संकट ठिणगी टाकतं, आणि दोन्ही एकत्र आले तरच वेळ येते.

दुसऱ्या थराचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या आमिश समाजातून आला. हा समाज आपसांतच लग्नं करतो, वंशावळी काटेकोर ठेवतो, आणि तिथे दारू व हिंसा फार कमी. एगलंड आणि ससेक्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १८८० ते १९८० या शंभर वर्षांत तिथे २६ आत्महत्या सापडल्या. त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश फक्त ४ कुटुंबांत होत्या. २६ पैकी २४ जणांना नैराश्य किंवा बायपोलरसारखा मनःस्थितीचा आजार होता, म्हणजे पहिला थर जवळपास सगळीकडे. पण गंमत पुढे आहे: त्याच समाजात अशीही कुटुंबं होती, ज्यांत हे आजार तितकेच दाट होते आणि शंभर वर्षांत एकही आत्महत्या नव्हती.

मुलांवरचा सर्वांत उपयोगी अभ्यास पिट्सबर्गच्या डेव्हिड ब्रेंट यांच्या गटाचा, २०१५ चा. मनःस्थितीचे आजार असलेल्या ३३४ पालकांच्या ७०१ मुलांचा त्यांनी सरासरी साडेपाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. पालकाने स्वतः कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असेल, तर मुलाने प्रयत्न करण्याची शक्यता सुमारे पाचपट होती, आणि पालकाचा व मुलाचा आजार हिशेबात धरल्यावरही हा संबंध पुसला गेला नाही. वाट कशी जाते तेही दिसलं: लहान वयातला आवेगी रागीटपणा, त्यातून पुढे मनःस्थितीचा आजार, आणि त्यातून प्रयत्न. ही साखळी लक्षात ठेवा, कारण तिच्या प्रत्येक कडीवर उपचार आहेत. आणि हेही पाहा: पाठपुराव्याच्या काळात ७०१ पैकी २९ मुलांनी प्रयत्न केला, ६७२ मुलांनी केला नाही.

जनुकांची नावं हवी असतील तर आधी एक फसलेला अध्याय सांगायला हवा. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये मारी ओस्बेर्ग यांना आढळलं, की नैराश्याच्या ज्या रुग्णांच्या मेंदूपाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात) सेरोटोनिन या मेंदूत संदेश पोचवणाऱ्या रसायनाचा चयापचयातून उरणारा घटक कमी होता, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त होते. निरीक्षण चांगलं होतं. त्यावरून पुढची तीसेक वर्षं संशोधक सेरोटोनिनशी संबंधित ठरावीक जनुकांच्या मागे लागले: त्याची वाहतूक करणारं जनुक, ते तयार करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक, त्याच्या ग्राहींची, म्हणजे पेशींवर त्याचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांची, जनुकं. दर काही महिन्यांनी ‘आत्महत्येचं जनुक सापडलं’ अशी बातमी यायची, आणि पुढच्या गटाला तेच सापडायचं नाही. कारणं साधी होती. शे-दोनशे रुग्ण घेऊन इतका बारीक परिणाम पकडता येत नाही. वेगवेगळ्या वंशाची माणसं एका गटात मिसळली, तर वंशाचाच फरक आजाराचा वाटतो. दहा गोष्टी तपासून जुळलेली एक छापली, की जुळणं योगायोगाचं होतं हे कळत नाही. २०१९ मध्ये नैराश्याच्या बाबतीत अशा १८ गाजलेल्या जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर तपासणी झाली, तेव्हा ती कुठल्याही यादृच्छिक जनुकांपेक्षा वरचढ ठरली नाहीत. तरीही चाचण्या विकणाऱ्यांच्या अहवालांत ही जुनी नावं अजून मानाने बसलेली दिसतात. अहवालात एकदोन सेरोटोनिन जनुकांवरून ‘आत्महत्येचा धोका: जास्त’ असं लिहिलं असेल, तर तो कागद बाजूला ठेवून द्या.

नवी पद्धत उलटी चालते. कोणतंही जनुक आधी मनात न धरता संपूर्ण जनुकसंचात लाखो ठिकाणचे एकेका अक्षराचे फरक तपासायचे, आणि त्यासाठी प्रचंड संख्या गोळा करायची. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या २९,७८२ आणि तुलनेच्या ५,१९,९६१ लोकांचा अभ्यास मांडला. इतकी माणसं चाळून हाती आल्या दोन जागा. एक गुणसूत्र ६ वर, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित भागात. दुसरी गुणसूत्र ७ वर, जनुकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात. मानसिक आजारांचा परिणाम वजा केल्यावरही गुणसूत्र ७ वरची जागा टिकली. दुसऱ्या थराला जनुकसंचात खरोखर पाया आहे याची ही खूण. पुढच्याच वर्षी ४३,८७१ विरुद्ध ९,१५,०२५ अशी संख्या झाली आणि जागा १२ झाल्या. लक्ष वेधणारी बाब म्हणजे, ही प्रवणता नैराश्याशी जोडलेली दिसतेच, पण एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलतेचा विकार), धूम्रपान, जोखीम पत्करण्याचा कल आणि दीर्घकाळच्या शारीरिक वेदना यांच्याशीही जोडलेली दिसते.

पण हे सगळे नेहमी आढळणारे फरक मिळून प्रयत्नाच्या प्रवणतेतला ५ ते ७ टक्के भागच समजावतात. जुळ्यांच्या अभ्यासात ३० ते ५० टक्के, आणि इथे एवढंच? उरलेल्यातला काही भाग दुर्मीळ बदलांमध्ये असावा. फिनलंडमध्ये सेरोटोनिनच्या एका ग्राहीचं जनुक अर्धवट थांबवणारा बदल सापडला आहे. तो गंभीर आवेगी वर्तनाशी जोडलेला आहे आणि जवळजवळ फक्त फिनिश लोकांतच आढळतो. तिथे तो लाखभर लोकांत आहे आणि त्यांतले बहुसंख्य साधं आयुष्य जगतात, हेही लगेच जोडून सांगायला हवं. काही फरक व्याख्येचा आहे. विचार येणं, प्रयत्न करणं आणि मृत्यू होणं या तीन गोष्टींचा आनुवंशिक पाया अंशतःच सामाईक आहे, आणि प्रयत्नांच्या गटात फार वेगवेगळी माणसं एकत्र येतात. अमेरिकेतल्या यूटा राज्यात ३,४१३ मृत्यूंचा असाच अभ्यास झाला, तेव्हा हा हिस्सा २५ टक्क्यांच्या आसपास निघाला.

बालपणाचा विषय इथेच येतो. मॉन्ट्रियलच्या गटाने २००९ मध्ये मृत व्यक्तींच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी आणि ताणाशी संबंधित भाग, तपासला: आत्महत्येने गेलेले आणि लहानपणी छळ सोसलेले १२, आत्महत्येने गेलेले पण छळ न सोसलेले १२, आणि इतर कारणांनी गेलेले १२. ताणाच्या संप्रेरकाला आवर घालणाऱ्या ग्राहीच्या जनुकावर मेथिलेशन, म्हणजे जनुकाचं काम मंदावणारी रासायनिक खूण, छळ सोसलेल्या गटात जास्त होती. इतर दोन गटांत तशी वाढ नव्हती. थोडक्यात, खूण छळाची होती. संख्या अवघी ३६, हे विसरू नका. ‘आजोबांचं दुःख नातीच्या जनुकांवर लिहिलेलं असतं’ अशी वाक्यं यावरून सर्रास फिरतात; माणसांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या असं उतरतं हे सिद्ध झालेलं नाही.

घरातलं वातावरण आणि जनुकं वेगळी काढणं मुळातच अवघड असतं, कारण आईवडील मुलाला दोन्ही देतात. स्वीडनच्या नोंदींवरचा २०१० चा अभ्यास म्हणून महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी बालपणी किंवा किशोरवयात पालकाला आत्महत्येत गमावलं, त्यांचा स्वतःचा धोका, पालक हयात असलेल्यांच्या तुलनेत, तिप्पट होता. ज्यांचे पालक ते तरुण झाल्यावर तसे गेले, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. जनुकीय नातं दोन्हीकडे सारखंच; फरक वयाचा. सासरे गेले तेव्हा तुमचे यजमान किती वर्षांचे होते हे प्रश्नात लिहिलेलं नाही. त्यांच्या डॉक्टरांना ते नक्की सांगा.

चाचणीबद्दल आता नीट. हजारो बारीक फरकांची बेरीज करून ‘पॉलिजेनिक स्कोअर’ काढता येतो. प्रयत्न करणारे आणि न करणारे यांच्यातल्या फरकाचा एक टक्काही तो समजावत नाही. तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला आहे, त्यामुळे इतरांमध्ये आणखी कुचकामी. समजा उद्या याच्या कितीतरी पट चांगली चाचणी आली: धोका असलेल्या १०० पैकी ८० जणांना ओळखणारी आणि धोका नसलेल्या १०० पैकी ८० जणांना बरोबर सोडणारी. लाख लोकांना ती लावा. त्या वर्षी ज्या ९ जणांच्या बाबतीत ते घडणार होतं, त्यांतले ७ पकडले जातील आणि सुमारे २०,००० जणांवर खोटा शिक्का बसेल. घटना दुर्मीळ असली की चाचण्या अशाच गळपटतात. १५ वर्षांच्या मुलीच्या हातात असा कागद देण्याने काय होईल याचा विचार करा.

एक घोटाळा टाळा. औषध शरीरात किती वेगाने पचतं हे सांगणाऱ्या यकृतातल्या विकरांच्या जनुकीय चाचण्या वेगळ्या. त्या काही वेळा औषध किंवा मात्रा ठरवायला मदत करतात. आत्महत्येच्या धोक्याबद्दल त्या काहीही सांगत नाहीत.

चाचणीपेक्षा कितीतरी जास्त माहिती देणारी गोष्ट फुकट आहे: तीन पिढ्यांची वंशावळ. मोठ्या कागदावर पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ. प्रत्येकाखाली वय लिहा, मृत्यूचं कारण लिहा, आणि मग खरी कामाची माहिती: जाण्याआधी आजार होता का, उपचार चालू होते की नुकतेच थांबवले होते, आधी कधी प्रयत्न झाला होता का, दारू किती, राग कसा. महिनोन्‌महिने झोप न लागणं, किंवा उलट काही आठवडे झोपेची गरजच न वाटणं आणि उधळपट्टी, मोठमोठे बेत, अखंड बडबड, असं कोणाला होत होतं का. शेवटचं विचारायला लोक हमखास विसरतात. ते बायपोलरचं लक्षण आहे, आणि घरात बायपोलर असेल तर नैराश्यावर नुसती नैराश्यविरोधी गोळी देणं अंगाशी येऊ शकतं. कोणाला कोणतं औषध लागू पडलं तेही लिहा, कारण लिथियमला (बायपोलरवरच्या एका औषधाला) चांगला प्रतिसाद मिळणं कुटुंबात चालत येतं असं दिसतं.

‘अपघात झाला’, ‘अचानक गेले’, ‘हाय खाल्ली’, ‘डोक्यावर परिणाम झाला होता’ अशा शब्दांआड बरंच काही झाकलेलं असतं. म्हाताऱ्या आत्याला किंवा मावशीला एकटं गाठून, दोषाचा सूर न लावता विचारा. पुरुष मंडळींकडून सहसा निघत नाही. माहेरची बाजूही भरा. मुलीची निम्मी जनुकं तिकडून आली आहेत, पण सासरच्या मृत्यूंचा गाजावाजा झाला की तिकडे कोणी पाहतच नाही.

आता उपचार. २००६ मध्ये अमेरिकेत नैराश्य असलेल्या १५१ आया आणि त्यांच्या मुलांवर अभ्यास झाला. तीन महिन्यांत ज्या आयांचं नैराश्य पूर्ण ओसरलं, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक आजारांच्या निदानांत ११ टक्के घट झाली. ज्यांचं ओसरलं नाही, त्यांच्या मुलांत ८ टक्के वाढ. मुलांवर वेगळा उपचार या प्रयोगाचा भाग नव्हता. २००९ चा दुसरा प्रयोग आणखी नेमका आहे. पालकांना नैराश्याचा इतिहास असलेली, १३ ते १७ वयाची ३१६ धोक्यातली मुलं घेतली. निम्म्यांना विचारांची पद्धत बदलायला शिकवणारी गटसत्रं दिली: आठवड्याला एक, दीड तासाचं, अशी ८, आणि मग महिन्याला एक अशी ६. नऊ महिन्यांत सत्रं घेतलेल्यांपैकी २१.४ टक्के मुलांना नैराश्य आलं, बाकीच्यांपैकी ३२.७ टक्के. पण ज्यांचे पालक प्रयोगाच्या सुरुवातीला नैराश्यातच होते, त्या मुलांना या सत्रांचा जास्तीचा फायदा झाला नाही. म्हणून यजमानांचा उपचार आधी.

नैराश्याची गोळी बरं वाटायला लागल्यावर पहिल्या खेपेला निदान ६ ते ९ महिने चालू ठेवतात. वारंवार येणाऱ्या नैराश्यात दोन वर्षं किंवा अधिक. बरं वाटलं की बंद, वाईट वाटलं की चालू, या पद्धतीत औषधाचे त्रास सगळे मिळतात आणि फायदा मिळत नाही. औषध नको असेल तर डॉक्टरांना तसं सांगून हळूहळू कमी करायचं. बायपोलर निघालं तर लिथियमबद्दल विचारा. २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात, ४८ प्रयोग आणि ६,६७४ रुग्ण मिळून, लिथियमवर असलेल्यांत आत्महत्या स्पष्टपणे कमी होत्या. २०२१ च्या ५१९ जणांच्या एका मोठ्या प्रयोगात मात्र नेहमीच्या उपचारात त्याची भर घालून फरक दिसला नाही. त्यामुळे ते प्रत्येकासाठी नाही. घेतलं तर रक्तातली पातळी आणि मूत्रपिंड व थायरॉइडच्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्याच, आणि ते एकाएकी बंद करायचं नाही.

मुलीकडे कशावर लक्ष ठेवायचं? किशोरवयात चिडचिड सगळ्यांचीच होते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला बदल महत्त्वाचा: झोप उलटीपालटी, आवडीच्या गोष्टी सुटल्या, मैत्रिणी तुटल्या, मार्क घसरले, ‘मी नसले तरी कोणाचं काय अडणार’ अशी भाषा. त्यात भडकून काहीतरी करून बसण्याचा स्वभाव, दारू किंवा नशा, किंवा स्वतःला इजा करणं आढळलं तर वाट पाहू नका. शंका आली की सरळ विचारा: ‘इतकं नकोसं झालंय का, की मरून जावं असं वाटतं?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उत्तर ‘हो’ आलं तर लेक्चर देऊ नका, ‘आम्ही तुझ्यासाठी किती केलं’ तर अजिबात नको. ऐका, आणि त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. तिला नैराश्याची गोळी सुरू झाली तर पहिले काही आठवडे डॉक्टरांच्या भेटी थोड्याथोड्या दिवसांनी हव्यात: २५ वर्षांखालच्या काहींमध्ये या काळात असे विचार वाढू शकतात, म्हणून औषधांवर तसा इशारा असतो. इशाऱ्याचा अर्थ लक्ष ठेवा असा आहे; औषध टाळा असा नाही.

तज्ज्ञांबरोबर बसून एक पानाची सुरक्षा योजना लिहून घ्या, यजमानांसाठी आजच. बिनसायला लागल्याची माझी चिन्हं कोणती, एकट्याने मन वळवायला काय करता येतं, कोणाजवळ किंवा कुठे जाऊन बसलं की बरं वाटतं, मदत कोणाकडे मागायची, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण, कुठे कुलपात ठेवणार. २०१८ मध्ये तातडीच्या विभागात आलेल्या १,६४० रुग्णांच्या अभ्यासात, अशी योजना आणि नंतर फोनवरून पाठपुरावा मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ३.०३ टक्के होतं, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ५.२९ टक्के. वस्तू दूर ठेवणं लोकांना फालतू वाटतं. पण तीव्र आवेग बऱ्याचदा मिनिटांत किंवा तासांत ओसरतो, आणि तेवढा वेळ काढून देणं हेच काम असतं. घरातली औषधंही एका माणसाच्या ताब्यात, थोड्या दिवसांपुरतीच असू द्या.

मुलीला सांगताना नवऱ्याला बरोबर घ्या, दोघांनी मिळून सांगा, आणि थोडक्यात सांगा. ‘आजोबांना नैराश्याचा आजार होता. त्या काळी उपचार झाले नाहीत, आणि त्यातून त्यांनी स्वतःचा जीव घेतला. बाबांनाही तो आजार आहे, ते उपचार घेतात. तुला होईलच असं नाही, पण कधी मन फार दिवस जड राहिलं तर आम्हाला सांगायचं, आपण लगेच डॉक्टरांकडे जाऊ.’ कसं केलं याचे तपशील सांगायचे नाहीत. ‘घराण्याला शाप’ किंवा ‘रक्तातच आहे’ हे शब्द नातेवाइकांच्या तोंडूनही तिच्या कानावर जाऊ देऊ नका. आजोबा धीट होते किंवा भित्रे होते, असं काहीही नको. आजार होता, एवढंच. ती लगेच काही बोलली नाही तर सोडून द्या, प्रश्न दोनचार दिवसांनी भलत्याच वेळी येतात. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही, डॉक्टरांना विचारू’ म्हणायला हरकत नाही.

तिने किंवा यजमानांनी मरण्याचा ठराविक बेत, वेळ किंवा तयारी बोलून दाखवली, निरोपासारखी भाषा वापरली, किंवा बरेच दिवस अस्वस्थ असलेलं माणूस काही कारण नसताना एकदम शांत झालं, तर भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. भारतात असाल तर टेली-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते; काय करावं सुचत नसेल तर घरच्यांनीही तिथे फोन करून विचारावं.